बालकाची बेरीज आणि अनेकान्त दृष्टी



इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यातील आठ परिकर्मांचा आरंभ गुणाकारापासून होतो. तेथील ‘संकलित’ म्हणजे श्रेढीची बेरीज. दोन संख्यांच्या साध्या बेरजेला स्वतंत्र स्थान नाही. विद्वानांना ती सांगावयासही नको, इतकी सहज. परंतु सहा वर्षांच्या बालकासाठी तीच पहिली चढण असते. मोठ्यांना ही चढण दिसेनाशी झाली की बालकावर नकळत अन्याय घडतो.

पहिलीच्या वर्गात फळ्यावर ८ + ५ असे लिहिले आहे. एक मूल ८ चिंचोके मांडते, ५ मांडते आणि सारे एकापासून मोजून १३ म्हणते. दुसरे ८ मनात धरून ‘नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा’ असे पुढे मोजते. तिसरे पाचातले २ आठाला देऊन १० करते व उरलेले ३ त्यात मिळवते. चौथे मूल मात्र १२ लिहिते. उत्तरपत्रिका पहिल्या तिघांना समान गुण देते आणि चौथ्याला शून्य.

आता या चौथ्या मुलाजवळ बसून ऐकावे. ते एकेक बोट उघडत म्हणते, ‘आठ, नऊ, दहा, अकरा, बारा.’ बोटे पाचच. फक्त पहिल्या बोटाशी नऊऐवजी आठ म्हटले गेले. म्हणजे एकापासून मोजण्याची पायरी त्याने ओलांडली आहे. पुढच्या पायरीवर किंचित पाऊल चुकले आहे. उलट, पूर्ण गुण मिळविणारे पहिले मूल अद्याप मागच्याच पायरीवर आहे आणि त्याला मदतीची गरज आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एका आकड्यावरून केलेला निवाडा दोघांच्याही बाबतीत फसतो.

वस्तू अनेकधर्मात्मक आहे. एकाच बाजूने पाहून तिचे पूर्ण ज्ञान होत नाही, असे अनेकान्त सांगतो. बालकाचे उत्तर हीही त्याच्या समजुतीची एकच बाजू होय.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. उत्तर बरोबर असो वा चूक, ‘कसे मोजलेस?’ असे प्रेमाने विचारावे. मुलासमोर ८ चिंचोके मोजून वाटीखाली झाकावे, ५ बाहेर ठेवावे आणि ते आठाच्या पुढून मोजते का, हे पाहावे. ३ + ९ देऊन ते मोठ्या संख्येपासून आरंभ करते का, हे पाहावे. चाळीस मुलांच्या वर्गात रोज पाच मुले पाहिली, तरी आठ दिवसांत सर्वांची नोंद होते. त्या नोंदीत गुणांऐवजी पायरी लिहावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन आणि भयमुक्त शिक्षण या दोन्ही गोष्टी अपेक्षिलेल्या आहेत.

भयाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. घरी वा शाळेत ‘एवढेही येत नाही? बोटे काय मोजतोस?’ असे ऐकलेले मूल बोटे बाकाखाली लपविते. मग ते मोजणे सोडून अंदाजाने उत्तर देऊ लागते, किंवा शेजारच्या पाटीत डोकावते. त्याची वाट शिक्षकाला दिसेनाशी होते आणि ‘ढ’ हा शिक्का मात्र पुढील कित्येक वर्षे टिकतो. मन, वचन आणि काया या तिन्हींनी अहिंसा पाळू इच्छिणाऱ्या समाजाने आपल्या अंगणातील या वचनहिंसेकडे डोळेझाक करू नये.

सुवर्ण महोत्सवी वर्षात घरोघरी एवढा एक नियम घेतला जावा : बालकाच्या चुकीच्या बेरजेवर काट मारण्यापूर्वी त्याला एकदा मोठ्याने मोजू द्यावे, आणि ते मोजत असताना मोठ्यांनी मौन पाळावे.

जय जिनेंद्र!