पासवर्ड बदलून भागत नाही

वाय-फायमध्ये खोट निघाली असं ऐकलं की आपण आधी पासवर्ड बदलतो. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी उघड झालेल्या ‘क्रॅक’ या खोटीपुढे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाचे मॅथी व्हानहूफ यांनी ती ‘डब्ल्यूपीए-टू’ या सर्रास वापरातल्या सुरक्षापद्धतीत शोधली होती.

फोन आणि राउटर जोडले जाताना चार निरोपांची देवघेव होते, त्यातून मजकूर गुप्त ठेवणारी किल्ली ठरते. तिसऱ्या निरोपाची पोच आली नाही, तर राउटर तो पुन्हा पाठवतो. चोर मध्ये बसून नेमकी ही पोच अडवतो. मग फोन तीच किल्ली पुन्हा बसवतो, मोजणी मागे जाते आणि मजकूर उलगडू लागतो. अँड्रॉइड ६ वर तर किल्लीच्या जागी नुसती शून्यं बसत! चोर वाय-फायच्या टप्प्यात हवा, एवढाच काय तो दिलासा.

म्हणजे घरात दुरुस्तीची पहिली निकड राउटरला नव्हे, फोनला आणि संगणकाला होती. मायक्रोसॉफ्टने ती १० ऑक्टोबरलाच दिली होती. मोठ्या कचेऱ्यांत मात्र चालता-चालता फोन एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटकन जावा अशी सोय असते. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंटच सापडत होते. दुरुस्ती येईपर्यंत ती सोय बंद ठेवणं हाच शहाणपणा होता. सिग्नल वाढवणाऱ्या रिपीटरलाही दुरुस्ती हवी होती, पण भिंतीवरच्या त्या डबीकडे बघतो कोण?