विमानाच्या पोटातील सांधा
(शालेय छंदवर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आरंभीच एक कबुली देतो. मी बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. विमानाविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय! परंतु गेली काही वर्षे छंदवर्गातील मुलांबरोबर मी विमानांच्या उडणाऱ्या प्रतिकृती करीत आलो आहे. त्यातील एकच गोष्ट आज सांगावयाची आहे. फायबरग्लासच्या धडाच्या आत लाकडी भाग कसे चिकटवावेत, एवढाच माझा विषय. विषय बोटभर आहे खरा. पण त्या बोटभर जागेतच आमचे एक विमान गेले.

आपल्या कोल्हापूरकरांना हे काम परके वाटू नये. उजळाईवाडीचे विमानतळ १९३९ साली, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाले. आणि साच्याचे काम तर आपल्या उद्यमनगरात रोजचे. तिथे लाकडी पॅटर्नवरून वाळूचा साचा होतो आणि साच्यात लोखंड ओततात. आमचे धडही असेच होते. पॅटर्नवरून दोन अर्धे साचे करावयाचे, त्यांना आतून मेण लावावयाचे, मग काचेच्या धाग्यांचे कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवावयाचे. सुकल्यावर दोन्ही अर्धी जोडली की अंड्याच्या कवचासारखे पोकळ, हलके धड मिळते. या कवचाच्या आत प्लायवूडच्या आडव्या चौकटी चिकटवाव्या लागतात. पुढच्या चौकटीवर मोटर बसते, मधल्यांवर पंख आणि चाके यांचा भार येतो.

त्या वर्षी आम्ही धड आषाढात केले. बाहेर पावसाची झड, वर्गात भिंतींना ओल. चौकटी बसविण्याच्या दिवशी एक विद्यार्थी आत बोट फिरवून म्हणाला, "सर, आतून जरा तेलकट लागतंय." मला घाई होती. मी म्हणालो, "लागू दे. इपॉक्सी कशालाही चिकटतं." गुरुजींनी सांगितल्यावर मुलगा पुढे काय बोलणार?

चार महिन्यांचे काम आणि मुलांनी खाऊच्या पैशांतून उभी केलेली वर्गणी घेऊन आम्ही मैदानावर गेलो. मुलांना मी विमानाच्या मागे, दूर उभे केले होते, हे नशीब. मोटर पूर्ण वेगात फिरताच पुढची चौकट मोटरसकट सुटली, पंख्याने धड फाडले आणि सारे जमिनीवर आले. कोणाला इजा झाली नाही. पण मुलांच्या चेहऱ्यांकडे माझ्याने बघवेना.

त्या मुलाचे वडील उद्यमनगरात पॅटर्न करतात. त्यांनी सुटलेली चौकट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. गोंद लाकडाला घट्ट धरून होता, आणि धडाकडची त्याची बाजू आरशासारखी चकचकीत होती. ते एवढेच म्हणाले, "सर, गोंदाचा काय दोष न्हाई. आतनं घासलं हुतं काय?"

मित्रहो, गोंद तुटला असता तर त्याचा थोडा अंश दोन्हीकडे राहिला असता. इथे तो धडाला चिकटलाच नव्हता. त्याचे कारण मी नंतर शिकलो. दमट हवेत इपॉक्सी सुकताना हार्डनरमधील अमाइन द्रव्यांचा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग होतो व पृष्ठभागावर मेणासारखा पातळ, तेलकट थर येतो. मुलाच्या बोटाला लागला तो हाच. हा थर पाण्यात विरघळतो. म्हणून पहिली पायरी पॉलिश पेपरची नव्हे, पाण्याची. कोमट साबणपाण्याने आतली बाजू धुवावी, स्वच्छ पाण्याने खळबळावी, पूर्ण वाळू द्यावी. न धुता घासले, तर तोच तेलकटपणा ओरखड्यांत भरला जातो.

मग ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावे. काचेचे धागे मात्र कापू नयेत. धूळ पुसून शेवटी ॲसिटोनचा स्वच्छ बोळा फिरवावा. परीक्षा सोपी आहे. थोडे पाणी शिंपडावे. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब उभे राहिले तर पृष्ठभाग अजून मळलेला आहे. पाणी सलग पसरले तर तो तयार आहे. पाणी वाळल्यावरच गोंदाला हात घालावा.

चौकट ठासून बसवू नये. ठासली तर बाहेरून धडावर तिची कड उमटते आणि तिथेच पुढे तडा जातो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहावा आणि भोवती अर्धा मिलिमीटर जागा सोडावी. इपॉक्सीचे रेझिन व हार्डनर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घालण्याचा मोह होतो. त्याने सांधा कच्चा राहतो. मिश्रणात कापसाचा बारीक भुसा घालून चौकटीच्या दोन्ही बाजूंना चमच्याच्या पाठीने गोलसर कड ओढावी, मोटरच्या चौकटीला वरून काचेच्या कापडाची पट्टी द्यावी. गोंद अति नको. मोटर तोलाच्या बिंदूपासून एक वीत पुढे आणि शेपूट तीन विती मागे असेल, तर शेपटीत वाढलेल्या १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम शिसे भरावे लागते! आणि हे सारे हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. घासताना नाकावर मास्क हवाच. काचेची धूळ फुफ्फुसांना चांगली नव्हे.

ही केवळ खेळण्यांची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या गटाने केलेले फायबरग्लासचे पहिले ग्लायडर 'फिनिक्स' १९५७ साली उडाले. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे 'हंसा' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९९३ साली प्रथम उडाले, तेही अशाच तंतू-रेझिनच्या धडाचे. २००१ साली प्रथम उडालेल्या 'तेजस'च्या पंखांत कार्बन तंतूंचे भाग एकमेकांना चिकटवून एकसंध केलेले आहेत.

आणि हवाई बेटांवरील १९८८ सालचा अपघातही लक्षात ठेवण्याजोगा आहे. २४,००० फुटांवर एका जुन्या बोइंग विमानाचे पुढचे छत उडून गेले. ते पत्रे गोंदाने व रिव्हेटांनी जोडलेले होते. गोंदाचा सांधा सुटत गेला, ओलावा आत शिरला, सारा भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या भोकांतून तडे गेले. विमान उतरले, ९५ पैकी ९४ माणसे वाचली, पण एका हवाई सेविकेने प्राण गमावले. 

आम्ही पुढल्या वर्षी पुन्हा धड केले. या खेपेस धुणे, घासणे, पाण्याची परीक्षा हे सारे त्याच मुलाच्या हाती दिले आणि त्याने "झाले" म्हटल्याशिवाय गोंदाची ट्यूब उघडली नाही. ते विमान उडाले. आज बाहेरच्या टेबलावर ते ठेवलेले आहे. पाहुण्यांनी त्याचा रंग अवश्य पाहावा. पण झाकण काढून आतही डोकवावे, ही विनंती.

शिक्षक बंधूंना एकच सांगणे आहे. मुलगा "तेलकट लागतंय" म्हणाला, तर आपले बोटही एकदा तिथे फिरवून पाहावे. मी तसे केले असते, तर मुलांचे चार महिने वाचले असते.