आईला ठेवणं आणि आईला टाकणं

पुंडलिकाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार? देव दारात आला, पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, त्यानं वीट टाकली आणि देवाला थांबवलं. पण त्या आईनं विचारलं असतं, "बाबा, तू कोण रे?" तर?

हसू नका. असं आज घरोघरी चाललंय. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. आपण 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतो. पण तो मेंदूचा आजार आहे. सकाळी जेवले की नाही ते आठवत नाही, लग्नातला मांडव आठवतो. मध्यरात्री म्हातारी कडी काढते, "माहेरी जायचंय" म्हणते. हट्ट नाही तो, माउली.

आणि घरात असतं कोण? विटा-आटपाडीची पोरं सोन्याचांदीच्या गलाईला पार केरळ-तामिळनाडूत. पाटण-जावळीची मुंबईत माथाडी. मागं एकटी सून. दिवसा शेत, रात्री जागरण. मग कुणी सांगली-साताऱ्याकडं सांभाळणाऱ्या आश्रमात ठेवलं, की गाव म्हणतं, "आईला टाकली!" म्हणणाऱ्यांनी एक रात्र जागून बघावी. ठेवणं वेगळं, टाकणं वेगळं. टाकणं तर कायद्यानंही गुन्हा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे.

ठेवायचंच तर आधी जाऊन बघा. सांगून नको, जेवणाच्या वेळेला जा. हातानं भरवतात का? रात्री जागं कोण असतं? खाटेला बांधत तर नाहीत ना? बाईमाणसाला अंघोळ कोण घालतं? आणि नाकाला विचारा, नाक खोटं बोलत नाही! काही वृद्धाश्रम फक्त हिंडत्याफिरत्या माणसाला घेतात, तेव्हा आजार लपवू नका. चौकशीला १४५६७ हा ज्येष्ठांसाठी सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

ठेवलं म्हणजे सेवा संपली नाही बरं का. फी भरली आणि वर्षभर तोंड दाखवलं नाही, तर ते टाकणंच झालं. पंढरीला निघताना आधी तिथं वाट वाकडी करा. देवाला थांबायची सवय आहे.

गेल्यावर "मला ओळखलंस का?" असं विचारू नका. ती बावरते. आपणच नाव सांगा, हात हातात घ्या. तिचा रोजचा हरिपाठ म्हणा. नावं गेली तरी जुनी चाल बरेचदा शिल्लक असते, ओठ हलू लागतात. टाळ घेऊन जा. एक तिच्या हातात द्या.

बोला, रामकृष्णहरी!