दीड कोटी मोटारींची मोजदाद



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय मागितला तेव्हा आम्ही 'फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या उत्पादनाचे आकडे' असे लिहून पाठविले. त्यांना वाटले, पाकिटात चुकून दुसऱ्याच कोणाचे पत्र आले! कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मोटारी मोजण्याचा उद्योग त्याला कोणी सांगितला? आमची शाळा नववीत सुटली. त्यापुढे जे काही शिकलो ते आकड्यांशी भांडता भांडता शिकलो, एवढेच आमचे उत्तर.

त्यातले एक भांडण आधी सांगतो. एका कारखान्यात आम्ही उत्पादन बोनसची मागणी घेऊन बसलो होतो. आमच्या माणसांच्या वहीत महिन्याचा आकडा एक, मालकांच्या वहीत दुसरा, आणि दोहोंत शेकड्यांचा फरक. आम्ही त्यांना लबाड म्हटले, त्यांनी आम्हांला. आठ दिवस असे गेल्यावर गोदामातील एका म्हाताऱ्या कारकुनाने आम्हांस बाजूला घेतले आणि म्हटले, "अहो, तुम्ही यंत्रावरून उतरलेला नग मोजता, साहेब फाटकाबाहेर गेलेला मोजतात. मधे माझे गोदाम आहे, ते कोण मोजणार?" त्या महिन्याचे पैसे गेले ते गेलेच. पुढच्या करारात मात्र पहिल्याच कलमात नग कोठे मोजायचा हे आम्ही लिहून घेतले.

पुढे एका स्नेह्याने आपल्या आजोबांच्या फोर्ड गाडीचे इंजिन दाखविले. गाडी केव्हाच मोडीत गेली होती. इंजिन तेवढे अडगळीत राहिले होते. डाव्या अंगाला, पाणी आत जाते त्या तोंडाच्या वर, नंबर ठोकलेला. स्नेही म्हणाले, "ही फोर्डची कितवी गाडी ते सांगा." आम्हांला वाटले, चार दिवसांचे काम. दोन वर्षे गेली.

मॉडेल टी विक्रीस आली १९०८ च्या ऑक्टोबरात आणि बंद झाली १९२७ साली. एकूण किती झाल्या? अनेक पुस्तके बेधडक सांगतात : १,५०,०७,०३३. शेवटच्या तीनापर्यंत नेमका आकडा! इतका नेमका आकडा दिसला की आमच्यासारख्याच्या पोटात गोळा उठतो. कारण हा गाड्यांचा आकडाच नव्हे. तो इंजिनावरचा नंबर आहे. फोर्डच्या वहीत गाडी मोजली जात नसे, इंजिन मोजले जाई. इंजिन डेट्रॉइटकडे तयार व्हावे, आगगाडीने दूरच्या शाखेत जावे, आणि तेथे त्यावर गाडी चढावी. त्यात आठवडे जात, कधी महिनेही. म्हणजे इंजिनाचा जन्म एका महिन्यातला, गाडीचा दुसऱ्याच. पुन्हा आमच्या कारकुनाचे गोदाम!

बरे, १९२७ साली गाडी बंद झाली तरी इंजिने बंद झाली नाहीत. रस्त्यावर लक्षावधी मॉडेल टी धावत होत्या, त्यांना बदली इंजिने लागत. ती १९४१ सालच्या ऑगस्टपर्यंत निघत राहिली. नंबरांची रांग तीच पुढे चालली आणि जवळजवळ एक लाख सत्तर हजारांनी वाढली. आता या इंजिनांना गाड्या म्हणायचे काय?

वर्षवार आकडे घ्यावेत तर तेथे आणखी मौज. ३,०८,१६२ हा आकडा काही पुस्तकांत १९१४ पुढे छापलेला सापडतो, काहींत १९१५ पुढे. आणि १९१४ पुढे २,०२,६६७. आम्ही महिनाभर कोण चुकले ते शोधीत होतो. उलगडा हिशेबाच्या वर्षात निघाला. कंपनीचे वर्ष पूर्वी ऑक्टोबरात सुरू होई. मग ते ऑगस्टवर आणले. त्या बदलात '१९१४' हे वर्ष १९१३ च्या ऑक्टोबरपासून जुलैअखेर, अवघ्या दहा महिन्यांचे झाले, आणि '१९१५' हे १९१४ च्या ऑगस्टला सुरू झाले. दहा महिन्यांची बारा महिन्यांशी तुलना करून 'केवढी ही वाढ!' म्हणणारे लेखक आम्ही वाचले आहेत. वाढ खरीच होती. हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती साखळी आली आणि सांगाडा जोडण्याचा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर उतरला. पण तिचे माप असे काढायचे नसते.

स्नेह्यांच्या इंजिनाचे काय झाले ते विचाराल. त्या नंबराच्या आधी एक अक्षर होते, रोमन 'सी'. गंजामुळे आम्ही तो डाग समजत होतो. तो सी म्हणजे कॅनडा. ब्रिटन सोडून बाकीच्या साम्राज्याचा मुलूख फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता. आपल्याकडच्या फोर्ड गाड्या येत त्या तिच्या. पुढे १९२६ साली हिंदुस्थानात फोर्ड कंपनी निघाली तीही तिचीच शाखा. कॅनडाच्या इंजिनांची नंबरमाला वेगळी होती, त्यांची नोंद डेट्रॉइटच्या रांगेत नाही. तेव्हा ज्या दीड कोटींचे एवढे कौतुक, त्यांत स्नेह्यांच्या आजोबांची गाडी मुळी नाहीच! त्यांना हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही हजेरीपटावरच नाही." आम्ही म्हटले, "दुसऱ्या पटावर आहात."

हजेरीपटाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीच्या इंजिनाचा समारंभ झाला. नंबर आठ आकड्यांचा. कंपनीतल्या आठ सर्वांत जुन्या नोकरांनी एकेक आकडा ठोकला. त्यांतले मार्टिन आणि सोरेन्सन हे तोवर मोठे अधिकारी झालेले होते, तेव्हा त्यांच्या हातांना हातोडीची कितपत सवय उरली होती कोण जाणे. पण आमचे मन वहीच्या दुसऱ्या बाजूकडे गेले. १९१३ साली याच कारखान्यात कामगारांची उलथापालथ ३७० टक्के होती. म्हणजे शंभर माणसे कामावर टिकवायची तर वर्षात पावणेचारशेच्या आसपास भरावी लागत. साखळीपुढे माणूस टिकत नव्हता. जानेवारी १९१४ मधील ती प्रसिद्ध पाच डॉलर रोजी त्यातून निघाली. त्या रोजीसाठी घरी येऊन चालचलणूक तपासणारे लोक कंपनीने ठेवले होते, हेही लक्षात असू द्या. इंजिनांच्या नोंदवह्या डिअरबॉर्नच्या संग्रहात आजही जपलेल्या आहेत. अमुक दिवशी अमुक नंबर, असे त्यांत पाहता येते. आठवड्याभरात साखळी सोडून गेलेल्या माणसाने कोणत्या नंबराला हात लावला, हे त्यांत सापडत नाही.

शेवटचे इंजिन ४ ऑगस्ट १९४१ रोजी निघाले, नंबर १,५१,७६,८८८. आणि फोर्डने कामगार संघटनेशी पहिला करार केला तो त्याच वर्षी, २० जूनला. म्हणजे करारानंतर मॉडेल टीच्या इंजिनांना दीड महिन्याची मुदत मिळाली. त्या दीड महिन्यात किती इंजिने निघाली, तेवढे मोजायचे काम आम्ही सध्या हाती घेतले आहे.