पात्रांना बाप्तिस्मा देऊ नका



धामापूरच्या तळ्याकाठी, भगवतीच्या देवळालगत साहित्य संमेलन भरतं आणि अध्यक्ष म्हणून एका ख्रिस्ती कथाकाराला बोलावलं जातं, याचं बाहेरच्यांना अप्रूप वाटेल. मालवण तालुक्यात कुणाला वाटणार नाही.

हे तळं 1530 सालचं. त्याची दंतकथा तुम्ही जाणताच. फुलांची परडी पाण्यात सोडली की देवी लग्नकार्याला दागिने द्यायची. कुणीतरी ते परत केले नाहीत आणि देणं थांबलं. दागिने ठेवून घेणाऱ्याचं पुढे काय झालं, हे मी ऐकलेल्या कथेत तरी नाही. सांगणाऱ्याची देवीवर पुरती श्रद्धा, पण त्याने ऐकणाऱ्याला उपदेश केला नाही. श्रद्धा असलेल्या माणसाने कथा कशी लिहावी, असं कुणी विचारलं तर मी याच कथेकडे बोट दाखवीन.

आम्हा ख्रिस्ती लेखकांचा वारसा मोठा आहे आणि अडचणीचाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ बाबा पदमनजींनी 1857 साली लिहिली. विधवांचे हाल त्यांनी कळवळून मांडले. पण नवरा गेल्यावर यमुना ख्रिस्ती होते, तिचं दुसरं लग्न होतं, आणि तिथे कादंबरीकार मागे सरून धर्मप्रचारक पुढे येतो. यमुनेला दुसरी वाट धरायची मुभाच नव्हती. बाबांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे मराठी कादंबरीचा नमुनाच नव्हता. आपल्याला ती सबब नाही.

लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागलं, म्हणजे लिहिणारी बाई तेव्हा मुरलेली ख्रिस्ती होती. तरी नवऱ्याने धर्म बदलला तेव्हाचा आकांत तिने झाकला नाही. टिळकांचा लहरीपणा, पैशाच्या बाबतीतला भोळेपणा, सगळं हसत हसत सांगितलं; त्यांना संत करून भिंतीवर टांगलं नाही. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण पात्र उभं करण्याचा याहून चांगला धडा मला मराठीत सापडलेला नाही. जपानी कॅथलिक शुसाकू एन्दो यांनी तर 1966 च्या ‘सायलेन्स’ या कादंबरीत ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवणारा पाद्री रंगवला! श्रद्धावानाने एवढं धाडस करावं.

आणि आपल्याकडे कथेला काय कमी? मे महिन्यात मुंबईकर गावी आले की वाडीतल्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादीन ही सामूहिक प्रार्थना होते, मग उकडलेले चणे वाटतात. जमिनीवरून कोर्टात भांडणारे दोन भाऊ तिथे एकाच रांगेत उभे. क्षमेची प्रार्थना दोघांना तोंडपाठ, आणि सोमवारी तारीख. घरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना म्हातारीचं अर्धं लक्ष चुलीवरच्या कढीकडे असतं. तिची श्रद्धा उणी आहे का? मला तरी तसं वाटत नाही. त्या भावांची कथा लिहिताना शेवटी त्यांना मिठी मारायला लावू नका. मारायचीच असेल तर ते आपणहून मारतील.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा मान मिळत नाही असं रडगाणं मी गाणार नाही. पण मराठी कथेतला ख्रिस्ती माणूस अजून बऱ्याचदा गिटारवाला, दारुडा, नाहीतर मोडकं मराठी बोलणारी नर्स असतो. अस्सल मालवणीत भांडणारी आमची बाय त्यात कुठे आहे? ती दुसऱ्यांनी लिहावी म्हणून वाट पाहत बसणं हा आमचा आळस आहे.

इथे बसलेल्या तरुण ख्रिस्ती लेखकांनो, कथा लिहून चर्चच्या मासिकापुरती ठेवू नका, दिवाळी अंकांना पाठवा. आणि संपादकांनो, त्या आल्या की केवळ नाताळच्या पुरवणीसाठी बाजूला काढू नका.