यंत्राची आठवण आणि कचेरीतील फाईल



मंडळाच्या ५० वर्षांचे स्मरण आपण करीत असताना स्मृतीविषयीच बोलणे उचित ठरेल. मात्र मी माणसाच्या नव्हे, यंत्राच्या स्मृतीविषयी बोलणार आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले, तेव्हा त्याचे प्रत्येक संभाषण कोऱ्या पाटीवर सुरू होई. वस्तुतः कालचे बोलणे अशी यंत्रे आपण होऊन आठवीत नाहीत. उत्तर देताना त्यांच्यापुढे जो मजकूर ठेवला जातो, त्याचाच ती आधार घेतात. या मजकुरास 'संदर्भ' म्हणतात, आणि त्याच्या लांबीला मर्यादा असते. २०२४ मध्ये निवडक गोष्टी नोंदवून ठेवण्याची आणि २०२५ मध्ये जुन्या संभाषणांचा आधार घेण्याची सोय चॅटजीपीटीत झाली.

सोय मोठीच आहे. तीच हकीकत पुनःपुन्हा सांगावी लागत नाही. परंतु आता ही यंत्रे 'एजंट' या नात्याने पत्रे धाडतात, तिकिटे काढतात. त्यामुळे चुकीच्या आठवणीतून चुकीची कृती घडू शकते.

समजा, एका कुटुंबाने मे महिन्यात एजंटाला सांगितले की, आमची बदली गुवाहाटीस झाली आहे. जूनमध्ये बदली रद्द झाली. ते कळविण्याचे राहून गेले. ऑगस्टमध्ये 'दिवाळीसाठी पुण्याची तिकिटे काढ' असे सांगताच तो गुवाहाटीहून तिकिटे काढून मोकळा होईल. येथे आठवण खोटी नव्हती, ती शिळी होती.

कचेरीतील फाईल हा धोका ओळखून असते. प्रत्येक टिपणीखाली सही आणि तारीख असते. प्रस्ताव कोणता, आदेश कोणता, हे स्पष्ट असते. कोणता कागद किती वर्षे जपावयाचा, याचीही मुदत ठरलेली असते. जुन्या संभाषणात मात्र माणसाने सांगितलेली वस्तुस्थिती, यंत्राने केलेला तर्क आणि नापसंत झालेला मसुदा एकाच पंक्तीत बसतात. तोच तर्क पुढे संदर्भ म्हणून आला की पुरावा भासू लागतो.

सगळेच संभाषण पुढे ठेवावे, तर त्यानेही भागत नाही. लांबलचक मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती यंत्राकडून निसटू शकते, असे २०२३ मधील एका संशोधनात दिसून आले. सारांश करावा, तर 'वरिष्ठांची संमती मिळाल्यास' यासारखी अट गळून पडण्याची भीती. आणि अट गळाली की विचाराचा निर्णय होतो.

म्हणून प्रत्येक आठवणीवर तारीख असावी, ते म्हणणे कोणाचे हे नोंदलेले असावे, आणि पैसा किंवा शब्द गुंतणाऱ्या कृतीपूर्वी एजंटाने पुन्हा विचारावे. शिवाय आपल्याविषयी काय जपले आहे, ते पाहता व पुसता आले पाहिजे. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात दुरुस्तीचा आणि पुसून टाकण्याचा हक्क नमूद आहे. आपण संभाषणात शेजाऱ्याच्या आजाराविषयी किंवा नातलगाच्या कर्जाविषयीही बोलून जातो. त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. तेथे आपणच संयम राखावयास हवा.

चांगला दप्तरदार कागद जपतो, आणि रद्द झालेला कागद वेगळा काढून ठेवतो. यंत्राकडूनही हीच अपेक्षा ठेवावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.