मोजणी आणि सिद्धता

शाळेंत गणितांत पहिला येणारा विद्यार्थी महाविद्यालयांत जातो, ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’ म्हणजेच विविक्त गणित या विषयाच्या वर्गांत बसतो, आणि पहिल्याच चांचणी परीक्षेंत त्याचे गुण घसरतात, असें पुष्कळदां घडतें. घरचीं माणसें चिंतेंत पडतात; विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीविषयीं साशंक होतो. वस्तुतः बुद्धि होती तेवढीच असते; तिच्याकडून मागितलें जाणारें काम मात्र बदललेलें असतें. तें काम कोणतें, हें समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहावा. नदीचें पाणी मापतात, घाटाच्या पायऱ्या मोजतात. पाण्यासारख्या अखंड राशींचा विचार कलनशास्त्र करतें. पायऱ्यांसारख्या सुट्या वस्तूंचा विचार विविक्त गणित करतें. संगणकाचें काम शून्य आणि एक या दोन सुट्या चिन्हांवर चालत असल्यामुळें संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा विषय आरंभींच शिकावा लागतो. त्याचीं मुळें मात्र जुनीं आहेत. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या ‘लीलावती’चें अखेरचें प्रकरण ‘अंकपाश’ हें अशा मोजणीचेंच आहे. चतुर्भुज हरीच्या हातांतील चार आयुधांची अदलाबदल २४ प्रकारांनीं होते. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची मात्र ३६,२८,८०० प्रकारांनीं!

पण मोजणी हा अभ्यासक्रमाचा एक भाग झाला. दुसरा भाग सिद्धतेचा, आणि विद्यार्थी अडखळतो तो तेथेंच. एक उदाहरण घ्यावें. वर्तुळाच्या परिघावर कांहीं बिंदू घेऊन त्यांतील प्रत्येक दोन बिंदू जीवेनें जोडावे. मात्र आंत तीन जीवा एकाच ठिकाणीं मिळूं देऊं नयेत. दोन बिंदूंनीं वर्तुळाचे दोन भाग होतात, तिहींनीं चार, चारांनीं आठ, पांचांनीं सोळा. सहांनीं किती? बहुतेक मुलें ‘बत्तीस’ म्हणून मोकळीं होतात. प्रत्यक्ष मोजावें, तों एकतीसच भरतात! श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन पडताळा पाहावा. चार वेळां खरें ठरलें तें नेहमींच खरें, हा व्यवहारांतील न्याय येथें चालत नाहीं.

मग अगणित संख्यांविषयीं खात्री द्यावी कशी? त्यासाठीं विगमनाची युक्ति आहे. एकापासून ओळीनें विषम संख्या मिळवीत गेलें असतां १, ४, ९, १६ अशा वर्गसंख्या येतात. ठिपक्यांचा पांच बाय पांच चौरस सहाचा करावयाचा, तर दोन बाजूंस पांच-पांच आणि कोपऱ्यांत एक असे अकरा ठिपके लागतात. अकरा हीच सहावी विषम संख्या. कोणत्याहि चौरसास हीच रीत लागू पडते. पहिल्या पायरीवर पाय आहे, आणि प्रत्येक पायरीवरून पुढची चढतां येते, एवढें दाखविलें कीं कोणतीहि पायरी गाठतां येते.

येथें थोरांचा शब्दहि प्रमाण नाहीं. सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौरसांत असे उभे करावे कीं, प्रत्येक उभ्या आणि आडव्या ओळींत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकेकदांच यावा, हा प्रश्न ऑयलर या महान् गणितज्ञाच्या इ. स. १७८२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आहे. तें शक्य नाहीं, आणि दहा, चौदा, अठरा अशा, चारांनीं भागून दोन उरणाऱ्या, पुढील संख्यांनाहि शक्य नाहीं, असा त्याचा तर्क होता. सहापुरता तो खरा असल्याचें गास्तों तारी यानें १९०० च्या सुमारास दाखविलें. परंतु १९५९ मध्यें राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनीं सहाच्या पुढील अशा सर्व संख्यांविषयीं तो खोटा ठरविला. यांपैकीं श्रीखंडे पुढें मुंबई विद्यापीठांत गणित विभागाचे प्रमुख झाले.

विद्यार्थ्यानें सूत्रें पाठ करण्याची घाई करूं नये. आधीं लहान उदाहरणें हातानें मांडावीं, मग ‘नेहमीं असेंच होईल काय, आणि कां?’ असें स्वतःस विचारावें. घरच्या वडील माणसांनींहि गुणपत्रिका पाहून रागावण्यापूर्वीं, ‘हें तुला कशावरून पटलें?’ एवढें मुलास विचारावें. त्याचें उत्तर तो नीट देऊं लागला, म्हणजे विषय त्याच्या हातीं येऊं लागला असें समजावें.